शिसपेन्सिल आणि सफेदा

चित्रकलेच्या मास्तराला कोणी विचारले, की बाबा रे, तुझ्या धंद्याचे भांडवल काय, तर त्याने बाकीचे सारे रंग बाजूला सारून दोनच वस्तू पुढे कराव्यात : शिसपेन्सिल आणि पांढरा रंग. तांबडा संपला तर गेरूने वेळ मारून नेता येते, हिरवा नसला तर निळ्यात पिवळा कालवावा. पण काळी रेघ आणि पांढरा उजेड या दोहोंना पर्याय नाही. एकीने सावली पाडायची, दुसऱ्याने ऊन. वीस-बावीस वर्षे उचगावच्या पोरांना मी याच दोन वस्तूंच्या जोरावर मडकी, घागरी आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या काढायला शिकवतो आहे. या दोन वस्तूंचा चित्राखेरीज आणखी काही उपयोग असेल, असे माझ्या कधी मनात आले नव्हते. मी जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक झालेला, पुढे चित्रकलेची पदविका घेतलेला आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर तुटला. तो पुन्हा जुळला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे, आणि तोही याच दोन वस्तूंच्या निमित्ताने. तेव्हा आधी त्या वस्तूंविषयीच चार शब्द सांगतो.

शिसपेन्सिलीत शिसे नसते. हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात सांगतो आणि दरवर्षी निम्म्या पोरांना ते खोटे वाटते. आपल्या पूर्वजांनी त्या काळ्या, चकचकीत दगडाला शिशाचा भाऊ समजून नाव ठेवले आणि ते चिकटले. वास्तविक तो ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाच्या आणि हिऱ्याच्या कुळातला कार्बन. त्यात माती कालवून कमी-अधिक कडक कांड्या पाडण्याची युक्ती फ्रान्समध्ये कोंते नावाच्या गृहस्थाने १७९५ मध्ये काढली. आमची एचबी आणि सिक्स-बी ही त्याचीच प्रजा. ग्रॅफाइटची गंमत अशी, की तो पानांचा गठ्ठा आहे. एकेका पानात कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनांत घट्ट विणलेले, पण पानापानांतली पकड मात्र ढिली. कागदावर कांडी घासली, की पाने सटकतात आणि मागे उरतात. त्यालाच आपण रेघ म्हणतो. एक मिलिमीटर जाडीत अशी सुमारे तीस लाख पाने बसतात. त्यातले एकच पान सुटे काढले, तर त्याला ग्राफीन म्हणायचे. ते सुटे काढून दाखवण्याचे काम २००४ मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात गाइम आणि नोव्होसेलोव्ह या दोघांनी केले, तेही साध्या चिकटपट्टीने! ग्रॅफाइटवर पट्टी लावायची, ओढायची, पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या वर्गाच्या कपाटात पेन्सिली आणि चिकटपट्टी कित्येक वर्षे एकाच खणात शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांच्यात काही शिजते आहे असा संशय कोणालाही आला नाही.

दुसरी वस्तू पांढरा रंग. आमच्या बोलीत सफेदा. सफेदे अनेक आहेत, पण मला प्रिय असलेला तो जस्ताचा, झिंक व्हाइट. जस्त जाळले की त्याची पांढरी राख होते, तीच ही. पितळ ओतणाऱ्या भट्टीवर कधी उभे राहिला असाल तर पाहिले असेल : मुशीतून पांढरा धूर निघतो आणि कापसासारखी हलकी फुले हवेत तरंगून पुन्हा खाली बसतात. दिसायला मोठे मोहक. पण तो धूर छातीत गेला, की ओतकाम करणाऱ्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि दुसऱ्या दिवशी तो आपोआप उतरतो. हीच राख वैद्यांच्या खलात गेली, की यशद भस्म होते. कातडीला खाज सुटली म्हणून लावतो त्या गुलाबी कॅलामाइनच्या बाटलीतही तीच असते. लंडनच्या विन्सर आणि न्यूटन या रंगवाल्यांनी १८३४ मध्ये ती ‘चायनीज व्हाइट’ या नावाने जलरंगात आणली. शिशाच्या सफेद्यासारखी ती विषारी नव्हे, आणि गंधकाच्या हवेने काळीही पडत नाही. चित्रकारांनी तिला डोक्यावर घेतले.

पण या गुणी सफेद्यात एक खोड होती. तो ज्या रंगात कालवावा, तो रंग उन्हात लवकर उडे. विशेषतः प्रशियन ब्लूशी त्याचे पटत नसे. आकाश म्हणून रंगवलेला भाग काही काळाने फिकट पडे. म्यूनिकमध्ये चित्रकारांच्या रंगद्रव्यांचा अभ्यास करणारे आइब्नर नावाचे रसायनज्ञ होते. जस्ताच्या सफेद्यात मिसळलेला प्रशियन ब्लू उजेडात कसा उडतो, याविषयी त्यांनी १९११ मध्ये लिहिले. नुसत्या उजेडाने रंग उडणे वेगळे आणि सफेद्याच्या संगतीत उडणे वेगळे; हा पांढरा साळसूद रंग उजेडाला हाताशी धरून शेजाऱ्याचा घात करतो, असा त्या निरीक्षणाचा अर्थ. आज ज्याला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात, त्याच्या इतिहासात हे आरंभीचे पान मानतात. एका चित्रकाराची अडचण हे त्या शास्त्राचे एक मूळ आहे, याचा मला व्यावसायिक अभिमान वाटतो. शास्त्रज्ञांनी तो मला लाभू द्यावा.

आता त्या मुलीकडे येतो. ती आमच्याच गावची. इंटरमिजिएटच्या परीक्षेत तिचे निसर्गचित्र चांगले होते, पण स्थिरचित्रात घागरीचा काठ नेहमी वाकडा. पुढे तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.चे काम धरले. तिचे वडील इचलकरंजीला एका प्रोसेसमध्ये जिगरवर कापड रंगवतात. तीस वर्षे झाली. त्यांच्या नखांच्या कडा कधी पूर्ण गोऱ्या झालेल्या मी पाहिल्या नाहीत. दिवाळीच्या ओवाळणीला हात पुढे केला, तरी अंगठ्याला निळी किनार असतेच.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उचगाव हे कोल्हापूरला अगदी खेटून, पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या महामार्गावर. शेजारी गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या वळिवड्याच्या छावणीत पोलंडमधले निर्वासित राहिले. फाळणीनंतर सिंधी बांधव आले आणि त्यांनी त्या माळावर कापडाची बाजारपेठ उभी केली. आज आमच्या भागातल्या लग्नाचा बस्ता बहुधा तिथेच बांधला जातो. पूर्वेला इचलकरंजी, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पाहता पाहता गाव मागांच्या खडखडाटाने भरून गेले. कापड तिथे विणतात, रंगवतात, आमच्या शेजारी विकतात. रंगवून उरलेले पाणी मात्र विकता येत नाही. ते उताराने जाते. उतार पंचगंगेकडे आहे, आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

सुती कापडाला जे रंग लावतात, त्यांतला दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंतचा भाग धाग्याला धरतच नाही. तो पाण्यातच राहतो. सोबत रंग धरावा म्हणून घातलेले पोत्यांनी मीठ आणि सोडा. सांडपाणी एकत्र गोळा करून शुद्ध करण्याची व्यवस्था इचलकरंजीत झाली आहे. तरी सगळे पाणी तिथपर्यंत पोचतेच असे नाही, हे नाल्याकाठच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. एकदा सातवीच्या वर्गाला स्मरणचित्राला ‘माझ्या मामाचा गाव’ हा विषय दिला होता. एका पोराने घर, झाड, म्हैस सगळे रीतसर काढले आणि ओढा जांभळा रंगवला. शेजारच्याने त्याची खोड काढली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आमच्या मामाकडं वड्याचा रंग रोज येगळा आसतोय. त्या दिवशी जांभळं काम चालू हुतं.” पाण्याला स्वतःचा रंग नसतो, ते आकाशाचा आणि काठाचा रंग घेते, हे माझे शिकवणे त्या चित्रापुढे मी गुंडाळून ठेवले आणि त्याला दहापैकी नऊ गुण दिले.

अशा घरात वाढलेल्या मुलीने प्रबंधाला हा विषय निवडावा, यात नवल नव्हते : जस्ताचा सफेदा आणि ग्राफीन यांचे अतिसूक्ष्म संमिश्र करायचे, आणि त्याने उन्हात रंगाचे पाणी निवळते का, ते पाहायचे. नवल वाटले ते मला. “सर,” ती म्हणाली, “तुमच्या कपाटातल्या दोन वस्तूंवरच माझी पीएच.डी. आहे.” मग मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो, एकदा नव्हे, चारपाच वेळा. कादंबरीकाराला दुसऱ्याचा धंदा पाहत बसण्याचा परवानाच असतो.

आधी ग्रॅफाइटची पाने सुटी करायची. चिकटपट्टीने एखादे पान निघते, पण त्याने काम भागत नाही. इथे चमचाभर तरी हवे. म्हणून १९५८ साली हमर्स यांनी सांगितलेली रीत वापरतात. ग्रॅफाइटची पूड तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात घालायची, भांडे बर्फात ठेवायचे, आणि त्यात पोटॅशियम परमँगनेट अगदी चिमटी-चिमटीने सोडायचे. हे परमँगनेट म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळे औषध; पण ॲसिडाच्या संगतीत ते मोठे तापट. घाई केली आणि ऊष्णता चढली, तर स्फोट होऊ शकतो. त्या दिवशी ती बोलत नव्हती. तिची नजर थर्मामीटरवर होती. काळ्या मिश्रणावर हिरवी झाक आली. मग ते बर्फातून काढून कोमट राहू दिले, तशी त्याची दाट तपकिरी खळ झाली. मग पाणी, फसफसून वाफ. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब पडले, आणि ते सारे गढूळ, तपकिरी प्रकरण एकाएकी झेंडूच्या पिवळ्या रंगाने उजळले! काळ्यातून असा पिवळा निघालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. “सर, हा टिकत नाही,” ती हसून म्हणाली, “आता धुणं.” धुणे म्हणजे किती? यंत्रात गरगर फिरवायचे, वरचे पाणी ओतायचे, नवे घालायचे, पुन्हा फिरवायचे. ॲसिड संपून सामू ठीक होईपर्यंत. दिवसच्या दिवस. पीएच.डी. ही निम्मी धुणी आणि निम्मी वाट पाहणे आहे, असे तिचे मत. मला ते संसाराविषयीही खरे वाटले, पण मी बोललो नाही.

उरते ते ग्राफीन ऑक्साइड, चहाच्या पाण्यासारखे तपकिरी. त्यात झिंक ॲसिटेट विरघळवायचे, थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडायचा. दुधासारखा पांढरा साका धरतो. ते सगळे टेफ्लॉनच्या भांड्यात, ते भांडे पोलादी डब्यात, डब्याची झाकणे पान्याने आवळून रात्रभर भट्टीत, १८० अंशांवर. घरच्या कुकरचाच हा थोरला आणि रागीट भाऊ. सकाळी उघडले की करडी पूड हाती येते. राखाडी रंगाची, चिमूटभर. मुलांच्या पाटीवर पुसट खडू राहतो तशी. आठवडाभराच्या राबण्याचे फळ एका काचेच्या नळीच्या तळाशी जेमतेम बोटभर.

त्या पुडीत जे घडते ते मला समजावे म्हणून तिने मला आवडेल असा दृष्टांत दिला. ती माझीच विद्यार्थिनी; दृष्टांत वर्गातलाच असणार. जस्ताच्या सफेद्याच्या कणावर उन्हातला अतिनील किरण पडला, की एक इलेक्ट्रॉन बाकावरून उठतो. मागे त्याची जागा रिकामी होते. ही रिकामी जागा मोठी भुकेली. ती पाण्याच्या रेणूला धरते आणि त्यातून असा एक उनाड तुकडा जन्माला येतो, की तो दिसेल त्या सेंद्रिय पदार्थाचे लचके तोडतो. उठलेला इलेक्ट्रॉनही पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला चिथावतो. दोघे मिळून रंगाच्या रेणूचा फडशा पाडतात. अडचण एकच : उठलेले पोर क्षणाच्याही अत्यल्प अंशात पुन्हा आपल्याच जागेवर येऊन बसते. मग सगळे किरण फुकट, वर्ग जसाच्या तसा. “अशा वेळी बाकाला लागूनच व्हरांड्याचं दार असलं तर?” तिने विचारले. पोर बाहेर पळणारच! ग्राफीन हा तो व्हरांडा. त्या कार्बनच्या पानावरून इलेक्ट्रॉन सुसाट पळतात, परतण्याचे विसरतात, आणि रिकाम्या जागेला आपले काम करायला सवड मिळते. व्हरांडा फार मोठा करून मात्र चालत नाही. शेकड्याला दोनचार भागांपलीकडे ग्राफीन वाढवले, तर त्या काळ्या पानांची सावली सफेद्यावर पडते आणि ऊनच अडते. सावली किती आणि ऊन किती, हा हिशेब इथेही सुटत नाही, हे ऐकून मला बरे वाटले.

परीक्षा घेतात ती मिथिलीन ब्लू या रंगावर. लिटरला दहा मिलिग्रॅम; शाईच्या चार थेंबांनी बादली निळी व्हावी तसे पाणी. त्यात पूड टाकून पहिला अर्धा तास भांडे अंधारात ढवळायचे. मी कारण विचारले. “पूड काजळीसारखी आहे ना सर, ती रंग नुसता शोषूनही घेते. तेवढ्यावर खूश झालो तर स्वतःलाच फसवलं.” शिवाय पूड न घालता नुसते रंगाचे पाणी एका भांड्यात उजेडात ठेवायचे, कारण हा रंग उजेडाने आपला आपणही थोडा उडतो. ही दोन पथ्ये पाळून मग दिवा लावला. दर पंधरा मिनिटांनी तिने थोडे पाणी काढले आणि लहान नळ्या ओळीने उभ्या केल्या. पहिली निळी, दुसरी जरा उतरलेली, तिसरी आकाशी, पुढली पहाटेच्या आकाशासारखी, शेवटची स्वच्छ. निळ्याच्या छटांची पट्टी मी मुलांकडून गेली वीस वर्षे करून घेतो. इतकी निर्दोष पट्टी एकाही पोराने काढलेली नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

इथे थांबलो असतो, तर हा लेख आनंदाने संपला असता, आणि अशा संशोधनाच्या पुष्कळशा बातम्या इथेच संपतात. ‘आता नद्या होणार शुद्ध’ असा मथळा द्यायचा आणि मोकळे व्हायचे. पण त्या मुलीच्या घरात तीस वर्षे रंगात हात घातलेला माणूस होता.

एका रविवारी तिने दोन बाटल्या घरी आणल्या. वडिलांनीच कामावरून आणून दिलेल्या खऱ्या सांडपाण्याचा नमुना तिने तपासला होता. मूळ पाण्यावर चार तास दिवा जाळूनही फारसे काही हलले नव्हते. रंग इतका दाट, की उजेड आतच शिरत नव्हता. तेच पाणी दसपट पातळ केले, तेव्हा कुठे रंग उतरला. ही उतरलेली बाटली तिने वडिलांच्या हाती दिली. मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी बाटली उन्हाकडे धरली, हुंगली, झाकण काढून दोन थेंब बोटांवर घेतले आणि अंगठा-तर्जनी एकमेकांवर घासली.

“रंग मेला,” ते म्हणाले, “पर पानी बुळबुळीत हाय. सोडा तसाच हाय की गं.”

“हो आबा. सोडा जात नाही यानं. मीठपण नाही जात.”

“मग म्हसरास्नी चालंल का हे?”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “नाही आबा. चालणार नाही.”

मी कादंबऱ्या लिहितो. संवाद कसे लिहावेत याविषयी लोक मला विचारतात. या चार वाक्यांना हात लावण्याची माझी छाती नाही.

त्यानंतर तिने मला जे सांगितले, ते माझ्यासारख्या डोळ्यांवर पोट भरणाऱ्याला पचायला जड होते. रंग दिसेनासा झाला, म्हणजे तो गेला असे नव्हे. मिथिलीन ब्लूचेच घ्या. त्याला योग्य त्या रसायनाने नुसते क्षपित केले, की तो बिनरंगी होतो. बाटली हलवून हवा मिसळली, की पुन्हा निळाशार! रेणू तिथेच, फक्त त्याने वेष टाकलेला. कापडाच्या कित्येक रंगांचे रेणू मधोमध तुटले की रंग नाहीसा होतो; पण तुकडे उरतात, आणि त्यांतले काही मूळ रंगाहूनही वाईट असू शकतात. म्हणून पाणी पारदर्शक झाले यावर न थांबता त्यात कार्बन किती उरला, प्राणवायू खाणारे द्रव्य किती उरले, हे वेगळे मोजावे लागते. ते आकडे निळ्या पट्टीइतके देखणे नसतात. रंग दोन तासांत जातो. उरलेले जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

शिवाय सफेद्याचा स्वभावही नाजूक. आम्ल पाण्यात तो विरघळतो, फार तीव्र क्षारातही विरघळतो, आणि उजेडात काम करता करता स्वतःही झिजतो. विरघळलेले जस्त नदीत गेले तर माशांना घातकच. त्यात उन्हातला जेमतेम चारपाच टक्के भाग त्याला वापरता येतो, तो अतिनील. बाकीचे सारे सोनेरी ऊन त्याला निरुपयोगी. ग्राफीनविषयीही शास्त्रज्ञांत एकमत आहे असे समजू नये. हमर्सच्या रीतीने मिळते ते मँचेस्टरचे अखंड पान नव्हे. फाटलेले, भोके पडलेले, ऑक्सिजनची ठिगळे लागलेले पान असते. टायटॅनियमच्या सफेद्याशी ग्राफीन जोडले, तर ते कार्बनच्या इतर साध्या रूपांहून खरोखर निराळे ठरते काय, असा रोखठोक प्रश्न चीनमधल्या फूचौच्या संशोधकांनी २०१० मध्येच आपल्या निबंधाच्या शीर्षकात विचारला होता. असे प्रश्न विचारणारे निबंध थोडे. विक्रमाचे निबंध फार.

नदीला तरी एकच दुखणे आहे का? इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. ती आणणारा विषाणू मैलापाण्यातून येतो. त्याला रंग नसतो. कोल्हापूरच्या जयंती नाल्यातून पंचगंगेला जे मिळते, तेही जांभळे नसते. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वाचताना रंगाचा ओढा आधी डोळ्यांपुढे येतो, कारण तो दिसतो. न दिसणाऱ्याची तक्रार करायला कोणी उठत नाही. मी चित्रकलेचा मास्तर असूनही हे लिहितो आहे, याचे श्रेय त्या बुळबुळीत बोटांना.

तिच्यापुढे मग प्रश्न उभा राहिला, की खऱ्या सांडपाण्याचा तो रडतराऊत आलेख प्रबंधात घालायचा की नाही. निळ्या पट्टीचे आलेख सुरेख होते. त्यांच्या शेजारी हा आडवा, आळशी, जेमतेम उतरणारा. काही मित्रांनी सल्ला दिला, की विषय शुद्ध रंगापुरता आहे, वगळलास तरी कोणी विचारणार नाही. तिच्या मार्गदर्शक बाईंनी निर्णय तिच्यावर सोडला. तिने तो घातला. नुसता घातला नाही, तर त्याला आख्खे प्रकरण दिले : मीठ आणि सोडा त्या उनाड तुकड्यांना आधीच कसे गिळतात, दाट पाण्यात उजेड किती खोल जातो, आणि ही रीत वापरायचीच तर ती कुठे. तिचा निष्कर्ष असा, की जिवाणूंनी पचवण्याजोगे सगळे आधी त्यांना पचवू द्यावे, मीठ आणि सोड्यासाठी निराळी व्यवस्था करावी, आणि शेवटी जो हट्टी रंग उरतो, तेवढ्यापुरते या करड्या पुडीला बोलवावे. घरात मोठे कार्य असले, की शेवटच्या पंगतीला वाढायला एखादी चिवट आत्या लागते, तसे. हा दृष्टांत माझा. प्रबंधात तो नाही.

आता पुढची अडचण पुडीची. इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढायची कशी? गाळणीत राहत नाही, आणि पाण्याबरोबर सुटली तर एका घाणीच्या जागी दुसरी. यावर एक वाट कोल्हापुरात फार दिवसांपासून चोखाळलेली आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून पातळ थर चढवण्याचे काम कित्येक वर्षे चालू आहे, प्रा. भोसले आणि प्रा. राजपुरे यांनी जस्ताच्या सफेद्याचे असे थर वापरून पाण्यातली दूषिते तोडण्याचे प्रयोग केले. तिथे इलेक्ट्रॉनला पळवायला व्हरांड्याऐवजी बाहेरून विजेचा दाब लावतात. थर काचेला धरून राहतो, पाणी वरून वाहून जाते, गाळायचे काही उरत नाही. पण थरावर पाण्याचा स्पर्श पुडीइतका सर्वांगाला होत नाही, म्हणून काम सावकाश होते. एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते.

तिला आता हेच करून पाहायचे आहे : उतरत्या काचा, त्यांवर सफेदा आणि ग्राफीन, आणि दिव्याऐवजी घराच्या गच्चीवरचे ऊन. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ऊन मागून मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतरचे महिने तिने धरून ठेवले आहेत. वडील पन्हळ तयार करून देणार आहेत. पाणी किती धारेने सोडायचे, ते आपण पाहू, असे त्यांनी तिला बजावले आहे. जिगरवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला पाण्याच्या धारेचे कोणी सांगायला नको, असे त्यांचे म्हणणे. काचा तेवढ्या हव्या होत्या. साध्या खिडकीच्या चालतील, चारशे अंश सोसल्या म्हणजे झाले, असे ती म्हणाली. शाळेच्या माळ्यावर वाळवी लागलेल्या जुन्या तसबिरी होत्या. मुख्याध्यापकांना विचारून मी त्यांच्या काचा सोडवल्या. सतरा निघाल्या, त्यांपैकी दोन तडकलेल्या. पंधरा काचा वर्तमानपत्रात गुंडाळून परवा तिने रिक्षाने नेल्या. जाताना तिने विचारले, की एकीच्या कोपऱ्याला कसला तरी निळा डाग आहे, तो काय असावा. मी निरखून पाहिले. प्रशियन ब्लू होता.